थांब वं, लिहून राहिलो

बाबांचं नेटबुक बंद व्हायला वेळ घेतं. बंदचं बटण दाबलं की पडदा काळा होतो आणि त्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत एक ओळ येते, ‘थांब वं, लिहून राहिलो.’ ती बराच वेळ तशीच राहते. मग तिच्याखाली दुसरी ओळ येते, ‘झालं. झाक आता,’ आणि दिवा विझतो. तोवर यंत्राला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम बाबांनी घरात घातला होता. तो आईसाठी होता, कारण ते यंत्र वापरणारी एकटी आईच होती.

घरात ते आणलं मी. पुण्यात पहिली नोकरी लागली तेव्हा घेतलेला, पाटीएवढा लॅपटॉप. त्या काळी अशा लहान लॅपटॉपना नेटबुक म्हणत आणि ते पर्समध्ये मावतं याचंच कौतुक असे. पुढे ऑफिसनं मला मोठा दिला आणि हे नागपूरला, प्रतापनगरच्या घरी येऊन पडलं. विंडोज त्यावर सरपटत चालायची. दुकानदारानं भंगारात द्यायला सांगितलं. बाबा टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेले. चालू शकणारी वस्तू भंगारात गेलेली त्यांना बघवत नसे. त्यांनी लिनक्स शिकायला घेतलं.

लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी व्यवस्था, पण उघडी. कुणीही उसवावी आणि आपल्या मापाची पुन्हा शिवावी. जगभरच्या लोकांनी अशा कितीतरी शिवल्या आहेत, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. जुन्या, अशक्त यंत्रांसाठी कुणीतरी केलेली एक लहानशी डिस्ट्रो बाबांनी उतरवून घेतली आणि पुढची दोन-तीन वर्षं ते तिच्यातून नको ते काढत राहिले.

“प्रिंटरचं सारं काढलं,” फोनवर सांगायचे. “आता ब्लूटूथ काढून राहिलो. तुह्या आईले कोणासंग ब्लूटूथ करायचं हाय?”

“मले विचारलं का पण?” मागून आईचा आवाज यायचा.

उरलं ते त्या एका यंत्राच्या आणि त्या एका बाईच्या मापाचं होतं. आईचं नाव पंचफुला. डिस्ट्रोचं नाव बाबांनी ‘फुला’ ठेवलं. तिच्यातल्या सगळ्या सूचना त्यांनी स्वतः लिहिल्या, घरात बोलत तशाच. ‘ठेवू का?’ ‘नाई समजलं, पुन्हा सांग.’ ‘हे पुसलं तर परत येनार नाई, पाहा बापा.’

मी एका प्रकाशनसंस्थेत संपादक आहे. लेखकांच्या वाक्यांतले सांधे तपासायचे, भाषा एकसारखी करायची, हे माझं काम. मी म्हटलं होतं, “बाबा, निदान नीट मराठीत करा ना. कुणी पाहिलं तर?”

“कोण पाहते?” ते म्हणाले. “हे काय छापाचं हाय का?”

माघात बाबा गेले. झोपेतच गेले, त्यामुळे कुणाला काही करता आलं नाही आणि कुणाला काही चुकलं असंही वाटलं नाही. मी पुण्याहून आले ती पुण्यानुमोदन होईपर्यंत राहणार होते. आमच्यात गेलेल्या माणसासाठी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात. भन्ते येतात, वंदना होते, सगळ्यांना जेवण दिलं जातं, आणि जवळची माणसं उठून गेलेल्याबद्दल दोन शब्द बोलतात. बोलणारे बहुतेक पुरुषच असतात. आजवर आईनं कुणाच्याच कार्यक्रमात माइक हातात घेतलेला नव्हता.

विहाराचं काम पाहणारे संघपालभाऊ तारीख ठरवायला आले तेव्हा तिनं सांगितलं, “मी बोलीन.”

मी तिच्यासाठी लिहून दिलं. एक पानभर, चांगलं झालं होतं. आईनं डोळे मिटून ऐकलं.

“चांगलं हाय,” ती म्हणाली. “पण हे त्यायले ओळखत नाई.”

“म्हणजे?”

“कोनाच्याबी बाबाले चालते हे. माह्यं मी लिहीन.”

आई चौथी शिकलेली. टायपिंग तिला बाबांनी शिकवलं, याच यंत्रावर. दुपारची कामं आटोपली की ती बैठकीच्या खोलीतल्या टेबलाशी बसायची, चष्मा नाकावर ओढायची आणि उजव्या हाताच्या एकाच बोटानं अक्षरं शोधायची. शेजारच्या सुभद्राकाकू रोज सोबतीला येऊन बसत. त्यांना ते यंत्र कधीच पटलं नव्हतं.

“एवढुशा डब्यात काय लिहितं वं पंचफुला? काँप्युटर हाय का टिफिन?”

“टिफिनच हाय. तुह्यासाठी भाजी वाढून राहिली. बस गुमान.”

काय लिहिते आहे ते तिनं मला दाखवलं नाही. जवळ गेलं की झाकण अर्धं खाली करायची. “झाल्यावर आयकजो. आताच चुका काढशीन तू.”

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. ती यंत्र बंद करत नव्हती, नुसतं झाकण लावत होती. या नेटबुकमधल्या बारक्या कार्डावर सारखं लिहीत राहिलं तर ते कार्ड झिजतं, म्हणून बाबांनी अशी सोय केली होती की काम चालू असताना सगळं यंत्राच्या स्मरणातच राहावं आणि बंद करताना एकदाच कार्डावर उतरावं. बॅटरी कधीचीच गेलेली. ते भिंतीतल्या विजेवर चालायचं, वीज गेली तर इन्व्हर्टरवर. म्हणून बाबा रोज संध्याकाळी ते स्वतः बंद करत आणि ती ओळ जाईपर्यंत समोर बसून राहत. हे सगळं त्यांनी मला एकदा सविस्तर समजावलं होतं. मला ते माहीत होतं.

“आई, बंद का करत नाहीस गं?” मी विचारलं.

“करीन. पुरं झालं का करीन.”

मी त्यापुढे विचारलं नाही. ती ओळ तिला एकटीनं पाहायची नसावी, एवढं मला समजलं. समजलं म्हणून मी काही केलं मात्र नाही.

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी कामिनी आली. ती आमच्या प्रकाशनसंस्थेची मुख्य संपादक; माझ्यापेक्षा वयानं थोडी मोठी, पण मला बरोबरीनं वागवणारी. कुठल्याशा व्याख्यानासाठी नागपूरला आली होती, रामदासपेठेत तिच्या मावशीकडे उतरली होती. उद्याच्या कार्यक्रमालाही येते म्हणाली. इतक्या वर्षांत ती आमच्या घरी प्रथमच येत होती. तिला माझं आडनाव माहीत होतं, घर माहीत नव्हतं.

मी सकाळपासून बैठकीची खोली आवरत होते. खुर्च्यांवरच्या चादरी बदलल्या. सुभद्राकाकूंना, आज दुपारी थोडी झोप घ्या, असं सांगून त्यांच्या घरी पाठवलं. हे मी का करते आहे असं मी स्वतःला विचारलं नाही. पाहुणे यायचे म्हणजे आवरायचंच, एवढंच मनात होतं.

कामिनीची रिक्षा फाटकाशी थांबली तेव्हा आई टेबलाशी होती. तिनं चष्मा काढला.

“झालं माह्यं,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर बरेच दिवसांनी काहीतरी सैल झालेलं दिसलं. “बंद करते आता. मोठं हाय, वेळ लागन त्याले.” तिनं बटण दाबलं. पडदा काळा झाला. ती ओळ आली. आई क्षणभर ओळीपुढे बसली, मग उठली. “तू पाहा इकडं. मी चहा मांडते तुह्या पाहुणीसाठी.”

कामिनी आत आली. बाबांच्या फोटोसमोर हात जोडून उभी राहिली. मग माझा हात हातात घेऊन काही बोलली, ते अगदी मनापासूनचं होतं. बसायला वळली आणि तिची नजर टेबलावर गेली.

“‘थांब वं,’” तिनं मोठ्यानं वाचलं, “‘लिहून राहिलो.’” आणि हसली. “अगं, किती गोड! हे काय आहे?”

“जुनं नेटबुक आहे. बाबांचं काहीतरी.”

“कॉम्प्युटर बोलतोय असं! थांब, फोटोच काढते. आपल्या ग्रुपवर सगळ्यांना आवडेल.” तिनं पर्समधून फोन काढला. “अरे देवा, हा तर मरायलाच टेकलाय. चार्जिंगला कुठे लावू गं?”

“दे इकडे,” मी म्हटलं. मी वाकले, भिंतीतली नेटबुकची पिन ओढून काढली आणि तिच्या जागी तिच्या फोनचा चार्जर लावला.

पडदा विझला. ‘झालं’ आलं नाही. आवाजही काही झाला नाही. यंत्राचा बारीक पंखा चालू होता हे तो थांबल्यावर कळलं.

आई ट्रे घेऊन आली. येता येताच तिनं टेबलाकडे पाहिलं. “झालं का लिहून?”

“हो,” मी म्हटलं. “झालं.”

चहा झाला. कामिनीनं आईला बाबांविषयी विचारलं, आई थोडं थोडं सांगत राहिली. मी मध्ये मध्ये तिची वाक्यं पुरी करत होते. आई ‘एक्सचेंजमंदी’ म्हणाली की मी पुढच्याच वाक्यात ‘एक्सचेंजमध्ये’ म्हणत होते. कामिनीला आईचं सगळं समजत होतं. समजावून द्यायची गरजच नव्हती.

दिवेलागणीला आईनं नेटबुक उघडलं. उद्याचं एकदा वाचून पाहायचं होतं. मी भाजी निवडत होते. यंत्र सुरू व्हायला नेहमीपेक्षा उशीर लागला, आणि मग तिनं चष्मा पुसून पुन्हा लावला.

“मेघा, हे काय म्हणते पाहा बरं.”

पडद्यावर लिहिलं होतं, ‘जयभीम. पहिल्यांदा भेटून राहिलो. नाव काय लिहू?’

कार्डावरची जुनी जागा अर्धवट लिहिल्यामुळे मोडली होती. यंत्रानं ती बाजूला टाकली होती आणि अगदी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली होती. नुकतं लिहिलेलंच नव्हे, बाबांनी तिच्यासाठी लावून ठेवलेलं, तिनं वर्षभर जमवलेलं, सगळं गेलं होतं; राहिली होती ती फक्त बाबांनी घडवलेली मूळ फुला. मी थोडा वेळ उगाच शोधल्यासारखं केलं. सापडणार नाही हे मला पहिल्या ओळीलाच कळलं होतं.

“गेलं का?”

“दिसत तरी नाही.”

“मीच काईतरी उलटं दाबलं असन.” तिनं आपलं बोट पाहिलं. “इतके दिवस बंद केलंच नाई ना. हात भुलला. ते असते तं…” पुढचं तिनं सोडून दिलं.

सांगायची ती वेळ होती. भाजीची परात माझ्या मांडीवर होती, आई हाताच्या अंतरावर होती. मी म्हटलं, “होतं असं कधी कधी. जुनं मशीन आहे.”

“आता नाई आठवत मले तसं,” आई म्हणाली. “तुह्यंच वाचजो उद्या. माह्या नावानं वाचजो.”

म्हणजे माझं पानभर चांगलं लिहिलेलं उद्या तिचं म्हणून वाचलं जाणार होतं. कामिनी ऐकणार होती. ते तिला आवडणार, हेही मला माहीत होतं. असा विचार त्या क्षणीसुद्धा मनात आला.

सकाळी आई विहारात न्यायच्या वस्तू पिशवीत भरत होती. मेणबत्त्या, अगरबत्ती, फुलं. पांढरी साडी नेसून तयार होती.

“आई, ते तुझ्या हातून नाही गेलं.”

“काय?”

“तुझं लिहिलेलं. ते लिहीत होतं तेव्हा मी पिन काढली. कामिनीचा फोन लावायचा होता.”

तिनं मेणबत्त्यांचा पुडा पिशवीत ठेवला, तो आडवा झाला, पुन्हा उभा केला.

“बाजूचं सॉकेट रिकामं होतं,” ती म्हणाली.

मी अगरबत्तीचा पुडा उचलून तिच्याकडे सरकवला.

“होतं ना?”

“हो.”

“मंग काहून काढली?”

अर्धं खरं सांगून सुटायचा माझा बेत एका सॉकेटनं मोडला. मी म्हटलं, “तिनं ते वाचलं. स्क्रीनवरचं. मोठ्यानं. आणि हसली. फोटो काढणार होती.”

“तुले लाज वाटली.”

“हो.”

“त्यायच्या बोलन्याची.”

“हो.”

आई पिशवीकडेच पाहत होती. “मंग माहीबी वाटत असन.”

“नाही गं आई.”

“काल चहा पेताना तू माह्यं सारं बोलनं धुऊन देत होती. मले काय समजत नाई का?” आवाज चढला नव्हता. तिनं फुलांची पुडी माझ्या हातात दिली. “हे धर. चुरू नको. संघपाल वाट पाहून राहिला असन. अन् तुहा कागद घेजो सोबत.”

रस्ता सिमेंटचा झाल्यापासून आमचं अंगण त्याच्या खाली गेलं आहे. फाटकातून वर चढताना बाबा आईला हात द्यायचे. मी हात पुढे केला. तिनं फाटकाची सळई धरली आणि चढली.

विहार भरला होता. एक्सचेंजमधले बाबांचे सोबती आले होते, कळमेश्वरहून आत्याकडची मंडळी आली होती. कामिनी आधीच येऊन मागच्या रांगेत बसली होती; मी दिसताच तिनं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलली, म्हणून मी तिथे बसले. त्रिसरण, पंचशील झालं. भन्ते बोलले. बाबांचे दोन मित्र बोलले. एकानं बाबांचं नाव घेऊन सांगितलं, “रुपरावांनी माझा रेडिओ तीनदा दुरुस्त केला आणि तीनही वेळा एक-एक स्क्रू उरला. ते तिन्ही स्क्रू मी अजून ठेवलेत.” लोक हसले. मग संघपालभाऊ माइकवर आले. “आता पंचफुलाताईंच्या वतीनं त्यांची मुलगी मेघा…”

मी पर्समधून कागद काढला होता. पण आई पुढच्या रांगेतून उठली आणि माइकपाशी गेली. संघपालभाऊंनी माइक खाली केला. तो तरी तिच्यासाठी उंचच राहिला.

“जयभीम,” आई म्हणाली. “मी लिहून आननार होती. लिहिलं होतं. पन बंद करताना ते माह्या हातून गेलं. माहीच चूक झाली. तं जसं आठवते तसं सांगते.”

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मागच्या रांगेकडेही नाही.

“यायनं माह्यासाठी ते काँप्युटर सुधरवलं. लहान हाय ते. त्याची टीव्हीसारखी काच एवढीशी. तं त्याच्यात काई विचारलं का खाली ‘ठीक हाय’चं बटन येते, अन् ते काचेच्या बाहीर जाये. दिसेच ना. मी म्हटलं, अवो, तुमचं बटन दिसत नाई. हे म्हणे, कुठं गेलं? मी म्हटलं, खाली पडलं असन. तं हे खरंच टेबलाखाली वाकून पाहाले लागले.”

लोक मोठ्यानं हसले. सुभद्राकाकू सर्वांत जास्त.

“मंग बसले. त्याच्यात जेवढ्या खिडक्या होत्या त्या एक-एक करून लहान केल्या. रोज एक. मले म्हणत, आज इचं बटन वर आनलं, पाहा. मी म्हणो, तुम्हाले दुसरं काम नाई का? ते म्हणत, नाई.” ती थांबली. माइकमध्ये तिचा श्वास ऐकू आला. “मी त्यायले थांबा म्हणो, तं ते थांबत. ते मले थांब म्हणत, तं मी नाई थांबो. चुलीवर माह्यं काई ना काई राहे.” पुन्हा थांबली. पुढचं आठवत होती. सगळे वाट पाहत होते. मला दिसत होतं की ती एका ठरावीक वाक्याचा शोध घेते आहे, आणि ते तिला सापडत नाही.

“बाकीचं लिहिलं होतं,” ती म्हणाली, हात जोडले आणि खाली उतरली.

कामिनीनं माझ्या हातावर हात ठेवला. “किती छान बोलल्या गं. लिहिलेलं गेलं तेच बरं झालं.”

मी त्या वेळी उठू शकले असते. माइक तिथेच होता. आईच्या हातून नाही, माझ्या हातून गेलं, एवढं एक वाक्य. त्याला कागद लागला नसता. संघपालभाऊ माझ्याकडे पाहतही होते. मी मान हलवून नाही म्हटलं. कागद दुमडून पर्समध्ये ठेवला आणि बसून राहिले. आईनं भरल्या विहारात माझी चूक आपल्या नावावर घेतली होती, ती माझ्या पाहुणीसमोर मला लाज वाटू नये म्हणून. आणि मी ती तिच्याकडे राहू दिली. आदल्या दिवशी पिन ओढताना विचार करायला वेळ नव्हता असं तरी म्हणता आलं असतं. या वेळी भरपूर वेळ होता.

जेवणं झाली. मी वाढत होते. कामिनी पंगतीतून म्हणाली, “संध्याकाळच्या गाडीआधी येऊन जाते घरी.” मी वरणाची बादली घेऊन पुढच्या पानाकडे सरकले.

घरी आल्यावर आई आडवी होईल असं मला वाटलं होतं. ती साडी बदलून टेबलाशी बसली. झाकण उघडलं. ‘जयभीम. पहिल्यांदा भेटून राहिलो. नाव काय लिहू?’ तिनं चष्मा ओढला आणि एका बोटानं आपलं नाव लिहिलं. यंत्रानं ते स्वीकारलं. पुढची खिडकी उघडली, तिचं बटण काचेच्या आतच होतं. आई ते बटण पाहत थोडी थांबली आणि मग दाबलं.

“आई, तू सांग, मी टाइप करते,” मी म्हटलं.

“नाई.”

“निदान आज बोललीस ते तरी…”

“तेच लिहून घेते. लहान राहीन, पन राहीन.” मग बऱ्याच वेळानं, अक्षरं शोधता शोधता, माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “तिथं मी म्हटलं माह्या हातून गेलं. तू उठशीन असं वाटलं होतं मले.”

मी तिच्यामागे खुर्ची ओढून बसले. तिनं या वेळी झाकण अर्धं खाली केलं नाही. मीच नजर दुसरीकडे ठेवली. सुभद्राकाकू एकदा दारातून डोकावल्या, आम्हा दोघींकडे पाहिलं, आणि टिफिनबद्दल काही न बोलता परत गेल्या.

ऊन भिंतीवरून वर सरकलं तेव्हा आईनं बंदचं बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि ओळ आली. आई उठली.

“मी चहा ठेवते. तू बस इथं.”

“आई, तूच बस ना.”

“तू बस,” ती म्हणाली आणि आत गेली.

मी तिच्या खुर्चीत बसले. ‘थांब वं, लिहून राहिलो.’ पंखा बारीक वाजत होता. नवीन जागा पहिल्यांदाच तयार व्हायची होती, त्यामुळे नेहमीपेक्षा उशीर लागत होता. अक्षरं बाबांनी आईच्या डोळ्यांच्या मापानं मोठी केली होती. मला ती फारच मोठी वाटत होती. इतकी की खोलीत येणाऱ्या कुणालाही दारातूनच वाचता यावीत.

फाटक वाजलं. कामिनी बॅग घेऊनच आली होती.

“निघते गं, म्हटलं भेटून जावं. काकू कुठे?” ती जवळ आली आणि पडद्याकडे पाहिलं. “अरे, हे तेच ना कालचं? काल फोटो राहूनच गेला.” या वेळी तिचा फोन भरलेला होता. “काय करतंय हे सारखं?”

माझा हात खुर्चीच्या दांडीवर होता. भिंतीतली पिन माझ्या पायाजवळच होती. मी पाय मागे घेतले.

“आईनं लिहिलेलं कार्डावर उतरवतंय,” मी म्हटलं. “काल हे चालू असतानाच मी तुझ्या फोनसाठी पिन काढली. दुसरं सॉकेट मोकळं होतं. आईचं लिहिलेलं त्यात गेलं. तिच्या हातून नाही, माझ्या.”

कामिनीनं फोन खाली घेतला. “अगं, पण का?”

“हे वाक्य माझ्या बाबांचं आहे. ते घरी असंच बोलायचे. तू वाचलंस, मला लाज वाटली, म्हणून.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. काल ती का हसली होती, ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ती हळूच खुर्ची ओढून बसली. तिची गाडी होती, मी तिला जा म्हणू शकले असते, पण म्हटलं नाही.

स्वयंपाकघरातून कपबश्यांचा आवाज आला, आणि मग आईचा.

“झालं का वं लिहून?”

मी पडद्याकडे नीट पाहिलं. एकच ओळ होती. तिच्याखाली अजून काही आलं नव्हतं.

“नाई, आई,” मी म्हटलं. “अजून लिहून राहिले.”